भाजलेले ओठ आणि बुवांचं उपरणं

“बुवा, उद्या दुपारपातूर ओठ बरे व्हतील असं काय औषध न्हाई?”

“हाय की.”

“कुठलं?”

“चार दिसांमागं घ्यायचं हुतं. आज त्याचा काय उपेग न्हाई.”

असं म्हणून तातोबा गुरवांनी खुंटीकडे बोट केलं. खुंटीला त्यांचं पांढरं उपरणं लटकत होतं. बाकी काही नव्हतं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि गावात माझ्याएवढा शहाणा दुसरा कुणी नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. सहा वर्षं बुवांच्या ओसरीवर बसून सनई शिकलो होतो. बुवांचे दात गेले तेव्हापासून दोन वर्षं भावकाईच्या पालखीपुढे सनई वाजली नव्हती. देवी नुसत्या ढोलावर गावभर हिंडली. यंदा माझा सर्जेराव वाजवणार, असं बुवांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. पालखी उद्या चारला निघणार होती.

आणि मी तीन दिवस चैत्राच्या उन्हात टेनिस बॉलचं क्रिकेट खेळून आलो होतो. खालचा ओठ सुजून टम्म झाला होता आणि मधोमध चिरला होता.

“किती विकेटी काढल्यास?”

“अकरा.”

“आन् ह्यो ओठ बारावा.”

मी चिरलेल्या ओठावरून जीभ फिरवली.

“दिसभर ओठावरनं जीभ फिरवत हुतास न्हवं?”

फिरवत होतो. आम्हा सनईवाल्यांची ती खोडच. पत्ती, म्हणजे सनईच्या टोकाला ओठांत धरायची ती पात, ओली लागते. म्हणून जीभ सारखी ओठांवरून फिरते. सनई घरी असली तरी फिरते.

“पत्ती धरताना जीभ. उन्हात न्हाई. थुकी वाळती, आन् जाताना ओठाचं पाणी बी घिऊन जाती.”

“सालं बी निघत्यात, बुवा. मी जरा दातानं सोलली... म्हटलं, पत्ती नीट बसंल.”

बुवांनी कपाळाला हात लावला.

“कांदा हाय व्हय रं त्यो?”

त्यांच्या लेकीनं, हौसाक्कानं, आतून तुपाची वाटी आणून ठेवली. मी बोट बुडवायला गेलो, तर बुवांनी वाटी बाजूला सरकवली.

“तापल्या तव्यावर तूप सोडल्यावर काय हुतंय? आधी गार करू.”

माठातल्या पाण्यात धडप्याची चिंधी भिजवून त्यांनी ती स्वतः माझ्या ओठांवर धरली. चिंधी कोमट झाली की पुन्हा भिजवायची, पुन्हा धरायची. तासभर म्हातारा ढिम्म हलला नाही. मधून मधून मला पाणी प्यायला लावलं. आठ दिवस तिखट बंद, सालाला हात लावायचा नाही, तूप संध्याकाळी, आग थांबल्यावर... एवढंच बोलले.

त्या चिंधीला माठाचा वास होता. आज माझी साठी उलटली. आता दुकानात उन्हासाठी ओठांना लावायच्या कांड्या मिळतात, चांगल्या असतात, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी त्या घ्यायला लावतो. पण उन्हाळ्यात नवा माठ भरला की अजून मला ती ओसरी आठवते, आणि बुवा फार आठवतात.

तेव्हा मात्र माझं सगळं लक्ष पालखीत होतं.

“उद्या मी वाजवनारच, बुवा. दुखलं तर दुखलं.”

बुवांनी सनई काढून माझ्या हातात दिली.

“वाजीव.”

मी पत्ती ओठांत धरली. फुंकलं. एक सूर आला, तोही फाटका. दुसरा आलाच नाही. पत्तीवर रक्ताचा ठिपका तेवढा राहिला.

बुवांनी ती पत्ती काढून टाकली आणि डबीतून दुसरी काढून पाण्यात सोडली.

“पालखी...?”

“निघंल.”

“आन् सनई?”

“वाजंल.”

“कोन वाजवनार?”

बुवांनी पाण्यातली पत्ती बोटांत दाबून बघितली.

“तुझ्या अकरा विकेटी झाल्या. आता माझी एक ओव्हर.”

“बुवा, तुमच्या तोंडात दात न्हाईत...”

“ते मला म्हाईत हाय.”

दुसऱ्या दिवशी बुवा देवळात आले ते डोळ्यांपर्यंत उपरणं गुंडाळून. “म्हातारा दरोडा घालाय आलाय काय?” म्हणून पोरं हसली. बुवांनी लक्ष दिलं नाही. पालखी खांद्यावर चढली, तेव्हा त्यांनी उपरणं खाली ओढलं आणि सनई तोंडाला लावली.

मी शेजारी चालत होतो. गळ्यात सूरपेटी, तोंडाला टॉवेल. मला काम एवढंच, हातानं भाता हलवत सूर धरायचा.

बुवांनी पत्ती हिरड्यांत दाबून धरली होती. ती सारखी घसरत होती. देवळापासून पारापर्यंत काय ते दोनशे पावलं अंतर, पण दर वीस पावलांवर त्यांचा श्वास तुटत होता. कुठे तुटणार ते मला आधी कळायचं. सहा वर्षं ऐकत होतो ना. तिथे मी भाता जोरानं हलवायचो, म्हणजे सूर भरून यायचा आणि लोकांना खाच दिसायची नाही. दारादारांत बायकांनी हात जोडले. मला रडू येत होतं आणि तोंडाला टॉवेल होता ते बरंच झालं.

पारावर बुवा टेकले. त्यांच्या ओठातून रक्त येत होतं. मी टॉवेल सोडला आणि पायांवर डोकं ठेवलं.

“बुवा, चुकलं माझं. फुडल्या वर्सी मी...”

बुवांनी गळ्यातलं उपरणं काढलं आणि माझ्या तोंडाला दोन वेढे देऊन बांधलं. वाक्य आतच राहिलं.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. सहा वर्षं माझी नजर बुवांच्या सनईवर होती, आणि हातात पडलं काय, तर घामाचं उपरणं.

पण ते मी वर्षभर बांधलं. शेतात बांधलं, बाजाराला जाताना बांधलं, मॅच खेळतानासुद्धा बांधलं. लोक दरोडेखोर म्हणाले. म्हणू दिलं.

माघात बुवा गेले.

चैत्र लागला त्या सकाळी हौसाक्का माझ्या दारात उभी होती. हातात तांबड्या कापडात गुंडाळलेली सनई. “आबांनी सांगितलं हुतं, चैत लागला की न्हिऊन दे,” एवढंच ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

त्या दिवशी पारावर, उपरण्याच्या आतून, मी कसंबसं विचारलं होतं, “आन् सनई, बुवा?”

बुवांनी ओठावरचं रक्त मनगटानं पुसलं.

“हे सांभाळ. ती यील हुडकत.”