हैबतीच्या गाडीचा ब्रेक

घाटाखालच्या एका गावात एक भोळा गडी होता, हैबती. त्यानं भंगारातली जीप आणली, टप कापला, लाल रंग दिला आणि घरच्या घरी पळती गाडी केली. ब्रेक मात्र जुनेच, ड्रमचे. चाकात गोल लोखंडी ड्रम, त्यात लायनर. पाय दाबला की लायनर ड्रमला घासायचे, गाडी थांबायची. पण किर्र आवाज यायचा.

हैबती म्हणाला, बैलगाडीचं चाक कुरकुरलं की आखाला वंगण घालतात. त्यानं चारी ड्रममध्ये वाटी वाटी वंगण घातलं. आवाज गेला. ब्रेकही गेला.

गाडीच्या उद्घाटनाला मांडव घातला, सरपंचांनी फीत कापली. म्हणाले, "आता आपलं गाव थांबणार नाही." खरंच थांबलं नाही. गाडी मांडव घेऊन उकिरड्यात गेली. शेजारी बायको बसली होती, चांगुणा. तिनं उठून लुगडं झटकलं.

"गाडी दारात थांबेल त्या दिवशी बसेन. तोवर माझं माहेर बरं."

ती घाट चढून गेली. हैबतीची चूल थंड पडली. तो इलाही मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीनं ब्रेक पुसून दिले. "लेका, जिथं घासतं तिथं तेल घालायचं नसतं."

"समजलं," हैबती म्हणाला.

घरी येऊन बघतो तर इंजिनातही घासतंय. त्यानं सगळं ऑइल काढून टाकलं. इंजिन चिकटून बसलं.

मिस्त्रीनं ते खोललं, जोडलं. "अरे, इंजिन तापतं. तापेल त्याला तेलपाणी द्यावं लागतं."

"समजलं."

हैबती बायकोला आणायला निघाला. आधी अर्धा घाट चढून, परत खाली उतरून ब्रेक बघावा म्हणाला. पाय दाबूनच उतरला. ड्रम तापून धूर निघाला. त्यानं घागरभर गार पाणी ओतलं. ड्रम तडाक्यानं फुटले.

मिस्त्रीनं कपाळ धरलं. मग ट्रकचे मोठे ड्रम कापून-घासून बसवले. "आता शेवटचं सांगतो, हैबती. ब्रेक लागला की लायनरनं ड्रमला असं धरलं पाहिजे, जसं काही वेल्डिंग मारलंय."

"समजलं."

त्या दिवशी मिस्त्रीनं वेल्डिंगचं मशीन कुलपात ठेवायला हवं होतं.

सकाळी हैबती पायी सासुरवाडीला पोचला. चांगुणा दारातच तांदूळ निवडत होती.

"चल. गाडी दारात थांबली."

"कुठल्या दारात?"

"आपल्या."

"खरंच थांबली?"

"मिस्त्रीची आण. ढकलली तरी हलत नाही."

चांगुणानं बोचकं बांधलं आणि त्याच्यामागून घाट उतरली. दारात बघते तर गाडीला तोरण, वर मांडव, पुढं गर्दी. सरपंच बॉनेटवर उभे राहून बोलत होते, "बघा, अशी भक्कम कामं आम्ही करतो." लोक टाळ्या वाजवत होते. या खेपेला मांडवाला धक्का लागला नव्हता, त्यामुळं सरपंच खूश होते.

चांगुणानं चाकांकडं बघितलं. चारी ड्रम वेल्डिंगनं जाम. पण शब्द दिला होता. ती गाडीत चढून बसली, बोचकं मांडीवर घेतलं.

"बसले. आता चालव."

हैबतीनं डोकं खाजवलं.

"आधी नीट ठरव बाई. तू थांबायचं म्हणालीस. चालायचं कधी म्हणालीस?"