रविवारचे गुडघे

"मग माझ्या गुडघ्यांवर हुकूम चालवणारे ते कोण, अब्बा?"

होरियनने हे विचारलं तेव्हा म्हातारे अब्बा कोलूथ खजुराच्या पातीची टोपली विणत बसले होते. इजिप्तच्या वाळवंटातल्या त्या मठात सगळेच त्यांना अब्बा म्हणत. अब्बा म्हणजे बाप.

अब्बांनी पात पाण्यात बुडवली. 

"समुद्रापलीकडं, नायसियाला, शेकडो बिशप जमतात. बादशहाच्या पंक्तीला जेवतात. आणि ठरवतात काय, तर रविवारी कुणी गुडघे टेकायचे नाहीत, प्रार्थना उभ्यानंच करायची! मला विचारलं होतं कुणी?"

"तू तेव्हा पाळण्यात होतास," अब्बा म्हणाले.

दारात कांदे सोलत बसलेला बेसा फिस्सकन हसला. बेसा मठाचा स्वयंपाकी.

होरियनला मात्र हसू आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तो तापाने पार गेल्यातच जमा होता. त्यातून उठला, त्या दिवशी त्याने देवाला शब्द दिला, की यापुढे जन्मभर तुझे आभार मानीन ते गुडघ्यांवरच. आणि दिलेला शब्द त्याने पाळला. रविवारी सगळा मठ उभा असे, आणि मधोमध एकटा होरियन वाळूत गुडघे रोवून. मागचे त्याला अडखळत. पुढचे मान वळवून बघत. शेवटी मठातल्या वडीलधाऱ्यांनी सांगून टाकलं, उद्याच्या रविवारी आमच्यासारखा उभा राहा, नाहीतर दुसरा मठ शोध.

त्याने चटई गुंडाळून ठेवली होती. पण निघायचं मनात आलं की तो ती पुन्हा उलगडत होता. याच माणसांत तो मेलेला जिवंत झाला होता.

"देवाचे उपकार एवढे मोठे," तो म्हणाला. "ताठ उभं राहून आभार मानायला मी काय त्याच्या बरोबरीचा आहे?"

"तापात तुला पाणी कोण पाजत होतं रे?"

"देवच."

"हो, हो. त्याच्या हातांना कांद्याचा वास येत होता का?"

बेसाने घाईघाईने पुढचा कांदा उचलला.

होरियनने एकदा बेसाकडे बघितलं. मग पुन्हा उसळला.

"तुम्ही होतात ना त्या सभेत?"

"होतो. आमच्या बिशपांचा हात धरून गेलो होतो. त्यांना दिसत नव्हतं."

आधीच्या बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला होता, त्या दिवसांत शिपायांनी त्या बिशपांचे डोळे काढले होते. अब्बांच्या डाव्या पायाची शीर डागली होती ती त्याच वेळी. तो पाय तेव्हापासून भार घेईना. काठीवाचून अब्बांचं चालत नसे.

"तिथंच म्हणे पवित्र पुस्तकंही तुम्ही निवडलीत. हे ठेवा, ते टाका."

"ते आमच्या माथी मारू नकोस, पोरा. ते काम तिथं झालंच नाही. पुस्तकं आधीपासूनच गावोगाव वाचली जात होती. वाचणारे त्यांच्यापायी मारही खात होते. एकदोन पुस्तकांवरून अजून भांडणं चालू आहेत. चालतील आणखी काही वर्षं."

"मग तिथं झालं तरी काय?"

"देवपुत्राबद्दल मोठा वाद झाला. पुनरुत्थानाचा सण सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं ठरलं. आणि हे तुझे गुडघे. रविवारी काही गावांत लोक उभे राहत, काही गावांत टेकत. प्रभू थडग्यातून उठला तो हा दिवस. तेव्हा ठरलं, या दिवशी सगळ्यांनी उभं राहायचं. सगळीकडं सारखं."

"पण ठरलं कसं? कुणाचं म्हणणं वरचढ ठरलं? कसे पटले सगळे?"

अब्बांनी टोपली उजेडाकडे धरून बघितली.

"उन्हाळ्याचे दिवस होते," ते म्हणाले. "फार उकडत होतं..."

आणि ते पुढची पात विणायला लागले.

रविवारी सकाळी होरियनने चटई बरोबरच आणली आणि दाराशी ठेवली. प्रार्थना आटोपली की तिथूनच वाट धरायची. मग तो आपल्या जागी गेला आणि गुडघे टेकायला वाकला.

तेवढ्यात अब्बा येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. एरवी ते भिंतीशी, काठीवर रेलून उभे असत. आज हात रिकामे होते.

"काठी कुठाय, अब्बा?"

"राहिली."

प्रार्थना सुरू झाली. अब्बांनी सगळ्यांसारखेच दोन्ही हात वर केले. डावा पाय थरथरला... होरियनने झटकन सरळ होऊन दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली. अंगात नुसती हाडं, पण होता नव्हता तो सगळा भार त्याच्यावर आला.

आता टेकावं, तर अब्बा पडणार. बेसाला खुणावावं, तर तो डोळे मिटून उभा.

होरियनने पाय जरा फाकवले आणि नीट रोवले.

आजवर या वेळी त्याला फक्त वाळू दिसायची. आज आजूबाजूला माणसं दिसत होती. त्या बुटक्याने तापात आपली घोंगडी त्याच्यावर घातली होती, आणि स्वतः चुलीतली गरम राख अंगाशी ओढून झोपला होता. तो टकल्या रोज विहिरीवर जाऊन त्याचे कपडे धूत होता. आणि तो बेसा...

"आम्ही तुझे आभार मानतो," सगळे म्हणाले.

होरियनही म्हणाला.  डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

प्रार्थना संपली. लोक हळूहळू पांगले. तो अब्बांना धरून तसाच उभा होता.

"अब्बा... माझा शब्द मोडला," तो हळूच म्हणाला. "पण नियम म्हणून नाही उभा राहिलो मी. तुम्ही पडाल म्हणून राहिलो."

अब्बांनी आपला भार काढून घेतला नाही.

"हं," ते म्हणाले. "सभेतही सगळे असेच पटले होते, एकमेकांना धरून."