दुपारच्या झोपेचा धडा

विद्यापीठात शिकणारी एक मुलगी एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत सीमाभागातल्या एका वृद्ध गुरुजींच्या दारात येऊन उभी राहिली. पाठीवर पिशवी, हातात जाड वही आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या आदल्या दिवशीचा भाव. गुरुजींनी चाळीस वर्षे त्या भागातल्या शाळांत मराठी मुलांना कन्नड आणि कन्नड मुलांना मराठी शिकवले होते. आता ते ओसरीवर बसून फक्त पानाचा डबा सांभाळत.

ती अजून पायरीवरच होती, तोच आतून गुरुजींच्या पत्नीने कन्नडमध्ये काहीतरी सांगितले. त्यांना सगळे गाव अक्का म्हणे. मुलीने पिशवी खाली ठेवली, अंगणातल्या रांजणावरचा उपडा तांब्या उचलला, पाय धुतले आणि वर आली. गुरुजींनी ते पाहिले.

"गुरुजी, मला कन्नड बोलायला शिकवा," ती म्हणाली. "पंधरा दिवसांची सुट्टी आहे. वर्षभर अभ्यासक्रम केला आहे, पहिल्या वर्गात आले. वाचता येतं, लिहिता येतं. बोलायचं ठरलं की घसा बंद होतो."

"बोलायचं कुणाशी?"

मग तिने सांगितले. लहानपणी दर उन्हाळ्यात ती मामाकडे जात असे. मामा सीमेपलीकडच्या एका खेड्यात पोस्टमास्तर होते. शेजारी नीलव्वा राहायची. मामी आजारी असायची, म्हणून मुलीचे खाणेपिणे, वेणीफणी, रुसणे-फुगणे सगळे नीलव्वाच्या घरात व्हायचे. नीलव्वाला कन्नडखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पुढे मामांची बदली झाली आणि ते गाव सुटले. आता नीलव्वा फार थकली होती, दृष्टी गेली होती, माणसे ती आवाजावरून ओळखी. मुलीने तिच्यासाठीच कन्नडचा अभ्यासक्रम घेतला होता आणि गेल्या दिवाळीत तिला भेटायला गेली होती.

"मग?"

"मी सगळी वाक्यं पाठ करून गेले होते. नाव सांगितलं, प्रकृतीची चौकशी केली. एकही चूक नाही झाली, गुरुजी. आणि ती मुलाला म्हणाली, 'अरे, कचेरीतली बाई आली आहे. खुर्ची दे तिला.'"

आतून अक्कांचे हसू ऐकू आले. मुलीच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून गुरुजी हसले नाहीत. नीलव्वाने तिचे कागदोपत्री नाव कधी ऐकलेच नव्हते, आणि असली शुद्ध कन्नड तिच्या दारात फक्त शिरगणतीला येणारे लोक बोलत. बिचारीचे काय चुकले?

"तिचं वय झालं आहे," मुलगी म्हणाली. "पुढच्या सुट्टीपर्यंत मला थांबता येणार नाही."

गुरुजींनी वही मागून घेतली, ती ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावले. "इथेच राहा. सकाळी अक्काला हातभार लाव. दुपारी जेवण झालं की या ओसरीवर झोपायचं. धडा तोच."

"झोपायचं?"

"गाढ झोपलीस तर उत्तम. डुलकी लागली तरी चालेल."

पहिल्या दिवशी मुलीला वाटले, म्हातारा गंमत करतो आहे. तिसऱ्या दिवशी वाटले, वेळ काढतो आहे. पाचव्या दिवशी तिने स्पष्टच विचारले, "गुरुजी, धडे कधी सुरू करायचे?" गुरुजींनी चुना लावता लावता उत्तर दिले, "पाच तर झालेसुद्धा." आपल्याकडे शिकणाऱ्याला घाई असते आणि शिकवणाऱ्याला झोप, असे कुणीतरी म्हणेल. पण इथे तर शिकवणारा टक्क जागा होता आणि झोपायचे होते शिकणारीने! घरी काय सांगावे, या विचाराने तिला पहिले काही दिवस झोपच येईना.

हळूहळू मात्र येऊ लागली. अंगणात बाजेवर जुने धोतर अंथरून अक्कांनी कुरडया वाळत घातलेल्या असत. ऊन तापून पिवळे व्हायचे. ओसरीवर कडुनिंबाची सावली हलायची. मुलगी चटईवर पडली की तिच्या उशाशी दोघे म्हातारे कन्नडमध्ये बोलत बसायचे. त्या बोलण्यात शिकण्यासारखे काही नसे. ताक आंबट झाले, मुलाचा फोन आला नाही, शेजारणीची म्हैस व्यायला झाली, तुमचा चष्मा तुमच्याच कपाळावर आहे. मुलगी आधी एकेक शब्द पकडू पाहायची, त्याचा मराठी अर्थ लावायची आणि दमून जायची. मग पापण्या जड होत, शब्द सुटून जात आणि नुसता आवाज उरे, वर-खाली होणारा.

त्या आवाजातून तिला आपल्या सुट्ट्या दिसू लागत. पोस्टात टपालावर पडणारा शिक्का. लाखेचा वास. नीलव्वाच्या अंगणातले पापड, आणि पापडांशेजारी काळे फडके बांधलेली काठी घेऊन बसलेली सात वर्षांची आपण. राखण केल्याबद्दल तेलात बुडवलेल्या दोन लाट्या मिळायच्या. कावळा भिंतीवर बसून वाट बघायचा आणि ती त्याला शिव्या द्यायची. कुठल्या भाषेत? हा प्रश्न त्या अर्धवट झोपेत तिला पडतच नसे. जागी झाली की सगळे विरून जाई आणि तोंडावर चटईचे वळ तेवढे राहत.

अकराव्या दुपारी ऊन नेहमीपेक्षा कडक होते. गुरुजी पेंगत होते, मुलगी झोपली होती. एकाएकी स्वयंपाकघरातून अक्का ओरडल्या, "कागी बंतु!" कावळा आला.

मुलगी ताडकन उठली. डोळे अर्धे मिटलेलेच होते. कोपऱ्यातली काठी घेऊन ती अनवाणी अंगणात धावली, काठी फिरवली, कावळ्याला त्याच्या आईबापांसकट हाका मारल्या आणि आत वळून कन्नडमध्ये ओरडली, "गेला, गेला! पण एक घेऊन गेला मेला, ती मोठी, कडेची! माझी काही चूक नाही हं!"

ते बोलणे विद्यापीठातले नव्हते. एखाद्या लाडावलेल्या लहान मुलीने तक्रार करावी तसे ते बोलणे होते, जिभेला सरावलेले आणि थोडे बोबडे. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. गुरुजींचे पेंगणे संपले होते. त्यांनी तितक्याच सहज कन्नडमध्ये विचारले, "हे तुला कुणी शिकवलं गं?"

आता मुलगी पुरती जागी झाली. तिने तोंड उघडले आणि घसा बंद झाला. तापलेल्या अंगणात पाय भाजत होते तरी ती हलेना.

अक्कांनी तिला हाताला धरून ओसरीवर आणले. गुरुजी मराठीत म्हणाले, "ज्या दिवशी आलीस, त्या दिवशी अक्काने तुला कन्नडमध्ये सांगितलं होतं, तांब्या रांजणावर आहे, पाय धुऊन वर ये. तू धुतलेस आणि आलीस. तुला कळलंसुद्धा नाही की तुला कळलं आहे. तेव्हापासून मी एकच विचार करतो आहे. भाषा तर हिच्या पोटात आहे. मग ही जागी असताना हिचं तोंड कोण धरतं?"

त्यावर मुलगी जे बोलली, ते तिने आजवर कुणालाच सांगितले नव्हते.

"मी नऊ वर्षांची होते. माझी मावसबहीण शाल्मली मुंबईहून मामाकडे आली होती. इंग्रजी शाळेतली, चुणचुणीत. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. त्या दिवशी सकाळपासून मी नीलव्वाकडे गेले नव्हते, म्हणून नीलव्वाच शेंगांची पोळी घेऊन दारात आली. म्हणाली, आज का नाही आलीस, जेवलीस का. शाल्मली खो खो हसायला लागली. 'ही काय बोलते? तुला कळतं हे?' मी मान हलवली. नाही. मला काही कळत नाही, म्हणाले."

"मग?"

"नीलव्वाने पुन्हा तेच विचारलं, हळू. मी पुन्हा मान हलवली. तिने पोळी कट्ट्यावर ठेवली आणि गेली. पुढे सुट्टीभर मी तिच्या घरी गेले नाही. पुढच्या वर्षी बदलीच झाली."

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. गुरुजींनी पानाचा डबा बाजूला सरकवला.

"पोरी," ते म्हणाले, "त्या दिवशी तू खोटं बोललीस. आणि ते खोटं खरं करून दाखवण्यासाठी तुला ती भाषा खरोखरच पुरून टाकावी लागली. इतकी खोल, की पुढे तुलाच सापडेना. मग तू पुस्तकातून नवी कन्नड आणलीस. ती चांगली आहे, स्वच्छ आहे, पण तिच्यात ती नऊ वर्षांची मुलगी नाही. म्हणून तर तू ती घेऊन गेलीस! त्या दाराशी परकी होऊन उभं राहणं सोपं होतं. नीलव्वाने तुला खुर्ची दिली, यात तिची काय चूक? माणसाची लाज दिवसभर पहारा देते, बाळ. दुपारी तिलाही डुलकी लागते. मला तुझी नाही, तिची झोप हवी होती. मी तुला काहीही शिकवलेलं नाही, शिकवण्यासारखं नव्हतंच. तुला क्षमा मागायची होती आणि तू माझ्याकडे शब्दसंग्रह मागत होतीस."

त्या रात्री मुलगी जेवली नाही. सकाळी पहिल्या गाडीने ती नीलव्वाच्या गावी गेली.

नीलव्वा दारातच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मुलगी उभी राहिली नाही, सरळ तिच्या समोर जमिनीवर बसली. तिने नाव सांगितले नाही, प्रकृती विचारली नाही. मोडक्यातोडक्या, लहान मुलीच्या कन्नडमध्ये ती म्हणाली, "त्या दिवशी तू पोळी आणलीस ना, तेव्हा तू काय म्हणालीस ते मला कळलं होतं. सगळं कळलं होतं. मी खोटं बोलले."

नीलव्वाचे हात थांबले. तिने हात पुढे केला, चाचपडत मुलीच्या गालावर नेला, मग केसांवर. वेणी आहे का ते पाहिले, नव्हती. त्याबद्दल नाराजीने जीभ टाळ्याला लावून च्यक् केले.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"ठाऊक होतं?"

"तू मान हलवलीस आणि मग खाली घातलीस. ज्याला कळत नाही तो माणूस तोंडाकडे बघत राहतो गं. खाली कशाला बघेल?"

मुलगी रडू लागली. इतकी वर्षे आपण जिला फसवले असे तिला वाटत होते, ती फसलेलीच नव्हती. ती फक्त वाट बघत होती, आणि वाट बघता बघता म्हातारी झाली होती. नीलव्वाने तिला रडू दिले. मग शेंगांचा ढीग दोघींच्या मध्ये ओढला आणि पुन्हा फोडू लागली.

"ती मुंबईची पोर कुठे असते आता?" थोड्या वेळाने तिने विचारले.

"तिकडेच. नोकरी करते."

"पुढच्या सुट्टीत तिलाही घेऊन ये," नीलव्वा म्हणाली. "त्या दिवशी आपल्या तिघींत खरंच काही न कळलेली ती एकटीच होती, बिचारी. तिच्या हातावर पोळी ठेवायची राहून गेली."