उताराची पाटी

नद्यांवर पूल नव्हते, तेव्हाची गोष्ट. नदीच्या उताराशी, जिथून लोक पाण्यातून चालत पलीकडे जात, एक कोरीव दगड उभा होता: ‘इथे पाणी गुडघाभर. बेधडक उतरा.’ शेजारच्या झाडाला एक पाटी टांगलेली. राखणदार धाकू रोज सकाळी तिच्यावर पाण्याची खबर लिही आणि दिवेलागणीला ओल्या फडक्याने पुसून टाकी. धाकू तसा शिस्तीचा माणूस.

एका वर्षी पुराने नदीचा तळ खरवडून नेला. धाकूने पाटीवर लिहिलं, ‘इथे डोह पडलाय. उतरू नका.’

पाटी दगडाला म्हणाली, “दादा, संध्याकाळी मी हे विसरेन. तेवढं तुम्ही लक्षात ठेवा.”

“माझ्यावर छिन्नीने कोरलंय,” दगड गुरगुरला. “खडूच्या गप्पा मला सांगू नकोस.”

संध्याकाळी धाकूने पाटी पुसली.

सकाळी तो यायच्या आधीच एक कुंभार बायको-मुलीला घेऊन आला. पाटी कोरी होती. त्याने दगड वाचला, आणि तिघंही पाण्यात उतरली.

रडत रडत धाकूने पाटीवर लिहिलं, ‘इथे तिघं बुडाली.’ पाटीने ती अक्षरं दिवसभर छातीशी धरली.

दिवेलागण झाली. धाकूचे डोळे अजून ओले होते. हात मात्र सवयीने फडक्याकडे गेला.