अंजनीची जुनी फांदी

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या दारात एक धनगर झुडपाचे रोप ठेवून गेला. कड्यावर सापडले, एवढेच म्हणाला. नाव त्यालाही ठाऊक नव्हते. पाने जाड, चकचकीत, समोरासमोर. जांभळीचे म्हणावे, तर तो वास नाही. वैद्यांची हयात वनस्पती ओळखण्यात गेलेली, तरी नुसत्या पानावरून त्यांना निश्चय करता येईना. "फूल आल्यावाचून नाव द्यायचे नाही," असे म्हणून त्यांनी ते अंगणात लावले.

त्याच सुमारास वैद्यांची दृष्टी मंदावू लागली होती. त्यांचा शिष्य मोगरा पिकवणाऱ्या घरातला. गुरुजींचे डोळे जाण्याआधी त्यांना हे फूल दिसलेच पाहिजे, या ध्यासाने त्याला घेरले. ध्यास चांगलाच होता, पण त्यापायी त्याचे बूड जागेवर ठरेना. भरल्या ताटावरून उठून तो झुडूप पाहून येई. आणि झुडूप तर वाढता वाढेना. चौथ्या वर्षी ते कसेबसे कमरेला लागले, तेव्हा माघात त्याने घरची विद्या बाहेर काढली. पाणी तोडले, पाने ओरबाडली आणि फांद्या वीतभर ठेवून छाटून टाकल्या. मोगरा असा छाटला की कळ्यांनी लगडतो. या झुडपाला मात्र पालवी तेवढी फुटली.

"पुढच्या वर्षी नुसते थांबून पाहू या का?" वैद्य म्हणाले.

"गुरुजी, थांबायला वेळ कुठे आहे? आमच्या वडिलांनी जन्मभर असाच मोगरा फुलवला."

पुढच्या माघात पुन्हा छाटणी झाली, त्याच्या पुढच्या माघातही झाली. वैद्य आता माणसे आवाजावरून ओळखू लागले होते. त्या तिसऱ्या छाटणीनंतर ते कापलेल्या फांद्यांच्या ढिगापाशी बराच वेळ चाचपडत बसले.

पौष उजाडला तसे त्यांनी शिष्याच्या हातातली कात्री काढून घेतली. "गावी जा. होळी झाल्याशिवाय यायचे नाही."

"माझे काय चुकले, गुरुजी?"

वैद्यांनी कात्री आत नेऊन ठेवली. सेवेचे हेच का फळ, असे मनात म्हणत तो रडतच गेला. घरी त्याने वडिलांचा मोगरा छाटला, गावाने वाखाणणी केली, पण त्याला अन्न गोड लागेना. धुळवडीच्या सकाळी तो निघाला आणि अंगणात येऊन खिळून उभा राहिला. पानांच्या खालच्या उघड्या, जून फांद्यांवर फुलांचे घोस लाकडाला चिकटून बसले होते.

"आलास?" वैद्य म्हणाले. "ही अंजनी. गेल्या वर्षीच्या माघात तू छाटलेल्या फांद्यांवर मोहरीएवढ्या गाठी माझ्या बोटांना लागल्या. त्या कळ्या होत्या. मोगरा नव्या फुटव्यावर फुलतो, ही जुन्या फांदीवर. दर माघात ही फुलायला निघे, आणि दर माघात आपण तिची फुलणारी फांदीच कापत होतो."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलेत?"

"सांगितले असते तर तू कात्री ठेवली असतीस आणि खताची पाटी उचलली असतीस. हिला काहीच करायला नको होते. आणि काही न करणे तुला जमेना, कारण तुझा माझ्यावर जीव आहे. प्रेम करणाऱ्याला हात आवरणे फार जड जाते, बाळ."

शिष्य म्हणाला, "म्हणजे पहिल्याच वर्षी मी स्वस्थ राहिलो असतो, तर आपल्याला हे दिसले असते."

वैद्यांना खोटे बोलता येत नसे. "हो," ते म्हणाले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता तूच सांग. रंग कसा आहे?"

"निळा," तो म्हणाला. पण तेवढ्याने भागेना. कसला निळा, ते त्याला सांगता येईना. मग तो झुडपाजवळ सरकला आणि इतक्या वर्षांत प्रथमच ते शांतपणे पाहू लागला.