आई भाकरी कशी थापायची

"…'मायेनं' घातलं, 'हळुवारपणे' घातलं, 'वात्सल्यानं' घातलं, तरी भाषणात आई दिसत का नाही, बुवा?"

हे विचारणारा दिगंबर मास्तर म्हणजे आमच्या गावातनं तालुक्याला गेलेला शिकलेला नग. नुसतं 'बैल बसला' म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. त्याचा बैल संथपणे, भारदस्तपणे, विचारमग्न होऊन बसायचा. मी चौथी नापास. माझा बैल आपला बसायचा.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचं, गिरजाबाईचं, वर्षश्राद्ध होतं. गावापुढं चार शब्द बोलायचे, म्हणून आधी टेकडीवरच्या मठात सखाबुवांना ऐकवायला आला होता. मी सोबत, फुकटचा.

याच मठात आम्ही दोघं लहानपणी चिंचा चोरायला यायचो. तेव्हा झाडाला चिंचा होत्या आणि बुवांना दात.

बुवा चुलीपुढं चिंचोके भाजत होते.

"परत म्हणा, मास्तर."

"आई प्रेमानं भाकरी थापायची."

"ही कुणाची आई?"

"माझी."

"माझी पण प्रेमानंच थापायची. याची पण." बुवांनी माझ्याकडं बोट केलं.

माझी तर शिव्या देत थापायची, मी म्हणालो.

बुवा खुदकन हसले. "बघा. याची लगेच दिसली."

मास्तर चिडला. म्हणाला, हा टवाळ, याचं काय ऐकता. मग आवाज खाली गेला…

"चेहरा पुसट होत चाललाय, बुवा. उद्या बोलताना आली नाही, तर मग कधीच यायची नाही ती."

बुवा उठले, परात काढली, ज्वारीचं पीठ ओतलं, पाण्याचा तांब्या सरकवला.

"थापा."

मास्तरनं बाह्या सारल्या. भाकरीला सगळीकडनं भेगा. नकाशा झाला नुसता. मी म्हटलं, एवढं कोकण तरी नीट काढ.

"खाली काय बघताय?" बुवा म्हणाले.

"मग कुठं बघू?"

"ती कुठं बघायची?"

मास्तरचे हात थांबले.

…

मग मान हळूहळू वर आली. दाराकडं वळली. हात पुन्हा सुरू झाले. भाकरी परातीतनं पार वाकडी चालली होती, त्याला पत्ता नव्हता.

"न बघता थापायची," तो म्हणाला. "दाराकडं डोळे लावून. मी उशिरा यायचो ना शाळेतनं… याच्याबरोबर उंडारून."

मी उगाच चुलीत लाकूड सारलं.

"आणि तू तालुक्याला गेल्यावर?" बुवांनी आता 'मास्तर' सोडलं होतं.

"येतो येतो म्हणायचो…" तो परातीला म्हणाला. "शेजारची काकू सांगते, शेवटपर्यंत तशीच थापायची. दाराकडं बघत."

दारातनं खालचं गाव दिसत होतं. चुलींचा धूर वर चढत होता.

बुवांनी ती वाकडी भाकरी त्याच्या हातातनं घेतली, तव्यावर टाकली.

उद्या काय बोलू, त्यानं विचारलं.

"बोल, नाही तर नको बोलूस," बुवा म्हणाले. "आधी घरी जा. दारातनं सावकाश आत शिर… तिला एकदा खाली बघू दे."