टाक्यावरचं नाव

"हे नाव आजच्या आज निघेल ना?"

प्रश्न पाथरवटाला होता. विचारणारा विष्णुपालित, कालपासून राज्याचा नवा अमात्य. डोंगरातल्या लेण्यांपाशी पाण्याचं टाकं होतं, आणि दान देणाऱ्याचं नाव टाक्याच्या भिंतीवर कोरायची तिथली रीत. आत्ता तिथं सर्वगुप्ताचं नाव होतं.

सर्वगुप्त म्हणजे जुना अमात्य. त्यानंच पालिताला खेड्यातून आणलं, अक्षर शिकवलं, पदाला लावलं. आणि या पठ्ठ्यानं खोटे साक्षीदार उभे करून त्यालाच तुरुंगात धाडलं. देहदंडाचा हुकूम आता पालिताच्या उजव्या मुठीत होता. संध्याकाळच्या आत तो नगरात पोचला की सर्वगुप्त संपला.

पाथरवटानं भिंतीवरून तळवा फिरवून पाहिला. टाक्याच्या कडेला विहारातले म्हातारे भिक्खू इसिरक्षित बसले होते. ते म्हणाले, "नावाला हात लाव."

पालितानं डावा हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. भिंतीत चांगला खड्डा होता, नाव त्याच्या तळाशी.

"इतकं खोल कशाला कोरलं?"

"कोरलं नाही. आधीचं खरवडलं. त्याच्याही आधीचं खरवडलेलंच होतं. माझ्या देखत तिघं येऊन गेले."

"सर्वगुप्तसुद्धा?"

"तोसुद्धा. असाच घाईत होता. तू मागं छत्र धरून उभा होतास की, विसरलास?"

...

पालित हळूच मागं वळला. त्याच्या डोक्यावर लेखनिक नागमित्रानं छत्र धरलं होतं. त्याला पालितानंच पदाला लावलेलं. नागमित्र मान लववून गोड हसला. ते हसणं पालिताच्या ओळखीचं होतं, वर्षानुवर्षं तो स्वतः तसंच हसत आला होता.

"धनी," पाथरवट म्हणाला, "भिंतीला ओल आलीय. अजून एक घाव घातला तर टाकं फुटंल. उन्हाळाभर ही माणसं काय पितील?"

पालित मटकन खाली बसला. त्याचा चेहरा उतरला होता. खोटं कशाला बोला, त्या घटकेला त्याची कीव यावी अशीच त्याची दशा होती.

"भंते, त्याला सोडला तर तो मला जिवंत ठेवणार नाही."

"असं होऊ शकतं."

"आणि मारला तर..." त्यानं वर छत्राकडे पाहिलं.

...

"माझ्या घशाला कोरड पडलीय," तो म्हणाला.

इसिरक्षित गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी भोपळ्याचा तुंबा टाक्यात बुडवून भरला आणि त्याच्यापुढं वाकले. पालितानं डावा तळवा पुढं केला. उजव्या मुठीत हुकूम तसाच होता.

पाणी तळव्यावरून ओघळून मातीत गेलं. ओठाला जेमतेम थेंब लागला.

"आणखी," तो म्हणाला.

भिक्खूंनी पुन्हा ओतलं. पुन्हा तेच.

"सर्वगुप्तही एकाच हातानं प्यायला होता," ते म्हणाले. "तहानलेलाच खाली उतरला."

पालित आपल्या मुठीकडे बघत राहिला. खाली पायथ्याशी घोडा तयार होता. नागमित्र खाकरला, "स्वामी, उशीर होतोय..."

इसिरक्षितांनी तिसऱ्यांदा तुंबा भरला आणि तसाच धरून उभे राहिले.

"पाणी पुष्कळ आहे, बाळा. दोन्ही हात आण."